टायटॅनिकवरील चित्रपट इतिहासाशी किती प्रामाणिक आहेत?

माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले आहे की नववीच्या वर्गाला टायटॅनिकच्या बुडण्यावरील एखादा चित्रपट दाखवायचा झाल्यास कोणता निवडावा, १९९७ च्या गाजलेल्या चित्रपटात दाखवलेले किती खरे मानावे, आणि 'हे खरेच असे घडले का?' या मुलांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे. व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत माझी तीस वर्षे गेली. त्यानंतर समुद्रावर जाऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवताना टायटॅनिकच्या दोन्ही चौकश्यांमधील साक्षी मी वर्षानुवर्षे वर्गात वाचून घेतल्या. त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

आधी थोडक्यात सांगतो. जहाजाची बांधणी, सजावट, यंत्रे आणि बुडण्याचा क्रम या बाबतीत १९९७ चा जेम्स कॅमेरॉन यांचा चित्रपट इतर सर्वांच्या पुढे आहे. त्या रात्री जहाजावर असलेल्या खऱ्या माणसांच्या बाबतीत मात्र १९५८ चा 'अ नाइट टू रिमेंबर' हा ब्रिटिश चित्रपट अधिक विश्वासार्ह आहे, जरी त्यात जहाज अखंड बुडताना दाखवले आहे आणि ते चूक आहे. हे दोन निकाल वेगळे का ठेवावे लागतात, हे समजले की आपल्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरेही त्यातूनच मिळतील.

आपल्याला जे ठाऊक आहे ते कशावर उभे आहे, हे आधी पाहिले पाहिजे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी जहाज हिमनगाला घासले आणि २ तास ४० मिनिटांनी, म्हणजे १५ एप्रिलच्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी, ते बुडाले. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती. त्यांतील सुमारे १,५०० मृत्युमुखी पडली. त्या वेळचे चलत्चित्र नाही, बुडत्या जहाजाचे छायाचित्र नाही. आहेत त्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी. अमेरिकेच्या सिनेटने विल्यम अल्डन स्मिथ यांच्या अध्यक्षतेखाली १९ एप्रिललाच न्यूयॉर्कमध्ये चौकशी सुरू केली. लंडनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्यापुढे २ मेपासून दुसरी चौकशी चालली आणि तिथे साक्षीदारांना २५ हजारांहून अधिक प्रश्न विचारले गेले. या दोन चौकश्या, वाचलेल्यांची पत्रे आणि आठवणी, आणि १ सप्टेंबर १९८५ रोजी सुमारे ३,८०० मीटर खोलीवर सापडलेले अवशेष, एवढाच आपला पुरावा आहे.

माणसांच्या साक्षीचे स्वरूप मी स्वतः जवळून पाहिले आहे. मी कनिष्ठ अभियंता असताना आमच्या जहाजाच्या इंजिनखोलीत तेलाची आग लागली आणि सुदैवाने ती पाऊण तासात विझली. दुसऱ्या दिवशी चौकशीत आम्ही पाच जणांनी धोक्याची घंटा वाजल्याच्या पाच वेगवेगळ्या वेळा सांगितल्या. दोघांना झडप कोणी बंद केली हे खात्रीने आठवत होते, आणि दोघांनी सांगितलेली नावे वेगळी होती. आमच्यापैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. हे आम्ही पाच माणसे, उजेडात, पाऊण तासाच्या घटनेबद्दल सांगत होतो. चंद्र नसलेल्या रात्री, गोठवणाऱ्या पाण्यावर, आपली माणसे मागे ठेवून होडीत बसलेल्यांच्या आठवणींमध्ये विसंगती असणार, हे गृहीत धरूनच टायटॅनिकच्या साक्षी वाचाव्या लागतात. दिग्दर्शकाला मात्र प्रत्येक दृश्यात एकच उत्तर निवडावे लागते. ते उत्तर कोणत्या पुराव्यावर निवडले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, यावर मी चित्रपटाची प्रामाणिकता तपासतो.

जहाज तुटण्याचे उदाहरण घ्या. जहाज दोन तुकडे होऊन बुडाले असे अनेक वाचलेल्यांनी सांगितले होते. १७ वर्षांच्या जॅक थेयरच्या सांगण्यावरून कार्पेथिया या मदतीला आलेल्या जहाजावर रेखाटनेही काढली गेली, आणि त्यांत जहाज तुटताना दाखवले आहे. पण दुसरे अधिकारी चार्ल्स लाइटोलर आणि तिसरे अधिकारी हर्बर्ट पिटमन यांनी जहाज अखंड गेले असे ठामपणे सांगितले. लॉर्ड मर्सी यांनी अधिकाऱ्यांचा शब्द मानला, आणि पुढची सात दशके पुस्तकांत आणि पडद्यावर जहाज अखंडच बुडत राहिले. अवशेष सापडले तेव्हा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून सुमारे ६०० मीटर अंतरावर पडलेले होते. म्हणून १९५८ च्या चित्रपटाला मी या चुकीबद्दल दोष देत नाही. त्याने आपल्या काळातील अधिकृत निष्कर्ष दाखवला. मुलांना या ठिकाणी सांगण्यासारखी गोष्ट अशी, की होडीतल्या सामान्य प्रवाशांचे म्हणणे बरोबर होते आणि गणवेशातल्या अनुभवी माणसांचे चुकले होते.

१९९७ च्या चित्रपटाने जहाज तुटताना दाखवले ते अवशेषांच्या आधारावर. कॅमेरॉन यांनी १९९५ मध्ये रशियन 'मीर' पाणबुड्यांतून अवशेषांपर्यंत स्वतः अनेक बुड्या मारल्या होत्या. तरीही मागचा भाग पाण्याबाहेर जितका उंच उचलला गेलेला दाखवला आहे, तितका कोन नंतरच्या अभ्यासकांना मान्य नाही. पोलाद त्याआधीच, बऱ्याच कमी कोनात तुटले असणार असे त्यांचे गणित सांगते, आणि कॅमेरॉन यांनीही पुढे या प्रश्नाचा पुन्हा अभ्यास केला. मला हा दोष किरकोळ वाटतो. त्याहून मोठा फरक उजेडाचा आहे. ती रात्र चंद्रहीन होती, समुद्र आरशासारखा शांत होता, आणि जहाजाचे दिवे गेल्यावर होडीतल्या लोकांना ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर एक काळी आकृती तेवढी दिसत होती. प्रेक्षकांना काही दिसावे म्हणून चित्रपटाला निळसर उजेड द्यावा लागतो, हे समजण्यासारखे आहे. पण पडद्यावर सगळे इतके स्पष्ट दिसते की साक्षीदारांमध्ये मतभेद का झाले असतील याचे प्रेक्षकाला नवल वाटते. मुलांना दृश्य दाखवताना वर्गातले दिवे घालवून 'यापेक्षा कितीतरी काळोख होता' एवढे जरूर सांगावे.

थंडीचेही तसेच आहे. पाण्याचे तापमान सुमारे उणे २ अंश सेल्सिअस होते. अंगात जीवरक्षक पट्टा असलेली शेकडो माणसे बुडाली नाहीत, ती पाण्याच्या पृष्ठभागावरच थंडीने गेली. चित्रीकरण अर्थातच उबदार पाण्याच्या टाकीत झाले आणि नटांच्या तोंडची वाफ नंतर संगणकावर घातली गेली. ते दृश्य मात्र परिणामाच्या दृष्टीने सत्याच्या फार जवळ जाते, आणि मृत्यूचे कारण त्या चित्रपटाने पहिल्यांदा सर्वसामान्य प्रेक्षकाला नीट समजावले, असे मी मानतो.

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्राकडे, म्हणजे खाली इंजिनखोलीकडे येतो. टायटॅनिकला तीन पंखे (प्रोपेलर) होते. बाजूचे दोन पंखे तिहेरी प्रसरणाच्या प्रचंड वाफेच्या इंजिनांवर चालत. मधला पंखा टर्बाइनवर चाले, आणि ते टर्बाइन उलट फिरू शकत नव्हते. चित्रपटात दिसणारे चालते इंजिन सॅन फ्रान्सिस्को येथे जतन केलेल्या 'जेरेमाया ओब्रायन' या दुसऱ्या महायुद्धातील मालवाहू जहाजाचे आहे. ते टायटॅनिकच्या इंजिनांहून कितीतरी लहान, पण त्याच जातीचे आहे आणि खरोखर वाफेवर चालणारे आहे. दांडे वरखाली होत आहेत, तेल देणारा माणूस हात कधी आत घालायचा याची लय सांभाळून उभा आहे, हे पाहताना मला आजही भरून येते, कारण यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसाचे शरीर कसे हलते ते तिथे बरोबर टिपले आहे.

त्याच दृश्यात एक वादाचा मुद्दा आहे. ब्रिजवरून, म्हणजे अधिकारी जहाज चालवतात त्या वरच्या जागेवरून, 'पूर्ण वेगाने मागे' असा आदेश येतो आणि खाली धावपळ होते. चौथे अधिकारी जोसेफ बॉक्सहॉल यांनी ब्रिजवरच्या टेलिग्राफचा, म्हणजे इंजिनखोलीला आदेश कळवणाऱ्या यंत्राचा, काटा तसा पाहिल्याचे सांगितले होते. पण बॉयलरखोली क्रमांक ६ मधला प्रमुख स्टोकर (भट्टीत कोळसा घालणाऱ्यांचा मुकादम) फ्रेडरिक बॅरेट याने लाल दिवा पाहिला, म्हणजे 'थांबा' हा आदेश, आणि त्याने भट्ट्यांची हवा बंद करायला सांगितले. इंजिनखोलीतले सर्वच्या सर्व अभियंते जहाजाबरोबर गेले, त्यामुळे टेलिग्राफसमोर उभा असलेला, आदेश स्वतः घेणारा एकही अभियंता साक्षीला उरला नाही. चित्रपटाने बॉक्सहॉल यांची बाजू निवडली. ती निवड चूक म्हणता येत नाही, पण प्रेक्षकाला दुसरी बाजू असल्याची कल्पनाही येत नाही.

बॅरेटची साक्ष मी विद्यार्थ्यांकडून नेहमी मोठ्याने वाचून घेई. त्याच्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून दोनेक फुटांवरून, पाणी आत आले आणि तो एका अभियंत्यासह शेजारच्या खोलीत उडी मारून गेला तोवर जलरोधक दार खाली येत होते. चित्रपटातले दाराखालून निसटणारे स्टोकर हे त्याच साक्षीतून आलेले आहेत. फक्त दार बंद झाले म्हणजे माणसे आत कायमची कोंडली गेली, असा जो समज त्या दृश्याने होतो तो बरोबर नाही, कारण वर चढून जाण्यासाठी सुटकेच्या शिड्या होत्या. 'मोठे भगदाड' हाही असाच एक समज आहे. बांधणी करणाऱ्या हार्लंड अँड वुल्फचे एडवर्ड वाइल्डिंग यांनी पाणी भरण्याच्या वेगावरून हिशेब मांडून चौकशीत सांगितले की सर्व छिद्रांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस फूटच असावे. घरातल्या एका दारापेक्षाही कमी जागेतून ४६ हजार टनांचे जहाज गेले, कारण ती जागा पुढच्या सलग कप्प्यांवर बारीक फटींच्या रूपाने पसरली होती. पुढच्या टोकाकडचे चार कप्पे भरले तरी तरंगेल असे जहाज पाचव्या कप्प्याला हरले, हे जहाजाचा आराखडा करणारे थॉमस अँड्र्यूज नकाशावर समजावतात तो प्रसंग दोन्ही चित्रपटांत आहे, आणि वर्गात दाखवण्यासाठी त्याहून चांगले काही नाही.

प्रेक्षक चित्रपटाची चूक म्हणून नेहमी दाखवतात अशी एक गोष्ट खरे तर बरोबर आहे. हिमनग दिसताच पहिले अधिकारी विल्यम मर्डॉक 'हार्ड अ-स्टारबोर्ड' असे ओरडतात आणि जहाज डावीकडे वळते. स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू, मग हे कसे? त्या काळी आदेश सुकाणूच्या दांड्याला उद्देशून दिला जाई. दांडा उजवीकडे गेला की सुकाणूचे पाते आणि जहाजाचे तोंड डावीकडे जाते. पुढे चाक आले तरी आदेशाची भाषा तीच राहिली, आणि ती १९३० च्या दशकात बदलली. चित्रपटाने जुनी भाषा जपली याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

सजावटीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे १९९७ च्या चित्रपटाने घेतलेले कष्ट सर्वपरिचित आहेत. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जवळजवळ खऱ्या आकाराची प्रतिकृती उभी केली होती, तीही एकाच बाजूची. साउदॅम्प्टनला जहाज दुसऱ्या बाजूने धक्क्याला लागले होते, म्हणून तिथली दृश्ये उलट्या अक्षरांच्या पाट्या लावून चित्रित केली आणि मग आरशासारखी फिरवली. तरीही बारीक चुका राहतात. नायक ज्या विस्कॉन्सिनमधील तलावावर मासेमारी केल्याचे सांगतो तो तलाव धरणामुळे १९१७ मध्ये तयार झाला, आणि पिकासोचे जे चित्र नायिकेच्या खोलीत दिसते ते प्रत्यक्षात न्यूयॉर्कच्या संग्रहालयात सुखरूप आहे. अशा चुका शोधणे हा मुलांसाठी चांगला गृहपाठ आहे, पण त्यांनी इतिहासाला फारशी इजा होत नाही.

इजा होते ती माणसांच्या बाबतीत. मर्डॉक यांना १९९७ च्या चित्रपटात लाच घेताना, प्रवाशांवर गोळ्या झाडताना आणि मग स्वतःला संपवताना दाखवले आहे. लाचेला कसलाही आधार नाही. गोळीबाराचा उल्लेख दोन प्रवाशांनी घटनेनंतर लगेच लिहिलेल्या पत्रांत सापडतो. एका अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःवर झाडून घेतली असे ते लिहितात, पण तो अधिकारी कोण हे त्यांवरून ठरत नाही. उलट लाइटोलर यांनी मर्डॉक यांच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात, आपण त्यांना शेवटच्या क्षणापर्यंत होडी सोडवण्याच्या कामात पाहिले, असे कळवले होते. लाइटोलर यांना सहकाऱ्याच्या पत्नीचे सांत्वन करायचे होते, हे ध्यानात ठेवूनही त्या पत्राचे वजन कमी होत नाही. आणखी एक गोष्ट चित्रपट सांगतच नाही. डाव्या बाजूला लाइटोलर 'फक्त बायका आणि मुले' या नियमाने होड्या सोडत होते आणि रिकाम्या जागा पुरुषांना देत नव्हते. उजव्या बाजूला मर्डॉक जवळ बायका-मुले नसतील तेव्हा पुरुषांना बसू देत होते. त्या रात्री वाचलेल्यांपैकी अनेकांचा जीव मर्डॉक यांच्या या निर्णयाने वाचला आहे.

स्कॉटलंडमधील डॅलबिटी हे मर्डॉक यांचे गाव. तिथल्या लोकांनी आणि नातेवाइकांनी तीव्र आक्षेप घेतला, आणि एप्रिल १९९८ मध्ये चित्रपट वितरित करणाऱ्या कंपनीच्या उपाध्यक्षांनी गावात जाऊन माफी मागितली. मर्डॉक यांच्या स्मरणार्थ शाळेत दिल्या जाणाऱ्या पारितोषिकासाठी ५ हजार पौंडांची देणगीही दिली. कॅमेरॉन यांनी पुढे खेद व्यक्त केला. पण प्रसंग चित्रपटात राहिलाच. २०१२ मध्ये चित्रपट त्रिमितीत पुन्हा आला तेव्हा, नील डिग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञांनी चूक दाखवली होती म्हणून, रात्रीचे आकाश बदलून खऱ्या ताऱ्यांप्रमाणे केले गेले. आकाश दुरुस्त झाले आणि मर्डॉक यांचा प्रसंग तसाच ठेवला गेला, हे मला अजूनही खुपते. ज्याला उत्तर देता येत नाही अशा मृत माणसाच्या नावावर गुन्हा घालताना, ताऱ्यांना लावली तेवढी तरी काळजी घ्यायला हवी होती.

टायटॅनिकची मालक कंपनी व्हाइट स्टार लाइन हिचे प्रमुख ब्रूस इस्मे यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. ते वाचले, म्हणून अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी त्यांना झोडपले, आणि जवळजवळ प्रत्येक चित्रपटात ते कप्तान एडवर्ड स्मिथ यांना वेगासाठी रेटणारे खलनायक आहेत. १९९७ च्या चित्रपटातील त्यांच्या संवादाला काही आधार आहे, कारण एलिझाबेथ लाइन्स या प्रवासिनीने न्यायालयीन जबानीत असे संभाषण ऐकल्याचे सांगितले होते. पण वेगाचा विक्रम करण्याचा बेत होता ही गोष्ट पटण्यासारखी नाही. प्रतिस्पर्धी क्युनार्ड कंपनीचे मॉरिटेनिया हे जहाज २६ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास धावे. टायटॅनिक त्या रात्री सुमारे २२ नॉटने चालले होते आणि त्याच्या २९ बॉयलरांपैकी सगळे पेटवलेलेही नव्हते. हवा स्वच्छ असली की बर्फाच्या प्रदेशातही वेग कमी करायचा नाही, ही त्या काळच्या सगळ्याच कप्तानांची रूढी होती, आणि मर्सी यांच्या अहवालानेही ते मान्य केले. रूढी पडद्यावर दाखवता येत नाही. दोषी माणूस दाखवता येतो.

तो दोषी माणूस कुठवर वापरला जाऊ शकतो हे पाहायचे असेल तर १९४३ चा जर्मन चित्रपट आठवावा. तो गोबेल्स यांच्या प्रचारखात्याने काढवला. त्यात इस्मे हे शेअरच्या भावासाठी जहाज पणाला लावणारे इंग्रज भांडवलदार आहेत आणि धोक्याची सूचना देणारा एकमेव शहाणा अधिकारी जर्मन आहे. तसा अधिकारी जहाजावर नव्हताच. चित्रीकरणादरम्यान दिग्दर्शक हर्बर्ट सेल्पिन यांना नौदलातील अधिकाऱ्यांबद्दल काढलेल्या उद्गारांवरून अटक झाली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये ते कोठडीत मृतावस्थेत सापडले. ज्या 'काप आर्कोना' जहाजावर त्यातील काही दृश्ये घेतली होती, त्यावर ३ मे १९४५ रोजी छळछावण्यांतील हजारो कैदी असताना ब्रिटिश विमानांनी हल्ला केला, आणि टायटॅनिकपेक्षा कितीतरी अधिक माणसे तिथे मेली. याच जर्मन चित्रपटातील काही तुकडे पुढे १९५८ च्या ब्रिटिश चित्रपटात वापरले गेले. ते पाहताना हे माहीत असावे.

आता कुलूपबंद फाटकांविषयी लिहितो, कारण मुले हे नक्की विचारतील. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना छतापर्यंत पोहोचणाऱ्या जाळीच्या दारांमागे कोंडलेले दाखवले जाते. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यानुसार तिसऱ्या वर्गाला वेगळे ठेवणे बंधनकारक होते, म्हणून अडथळे होते, यात शंका नाही. डॅनियल बकली या आयरिश तरुणाने सिनेटसमोर सांगितले की जिन्याच्या वर एक छोटे फाटक होते, ते एका खलाशाने बंद केले आणि चिडलेल्या प्रवाशांनी तोडले. म्हणजे फाटक होते, कुलूप होते, पण ते पडद्यावरच्यासारखे उंच नव्हते. मर्सी यांच्या अहवालाने तिसऱ्या वर्गाशी भेदभाव झाला नाही असा निर्वाळा दिला. मात्र त्या चौकशीत तिसऱ्या वर्गातील एकाही प्रवाशाची साक्ष झाली नव्हती. त्याच अहवालातील आकडे पाहा: पहिल्या वर्गातील ९७ टक्के स्त्रिया वाचल्या, तिसऱ्या वर्गातील ४६ टक्के, आणि तिसऱ्या वर्गातील मुलांपैकी ३४ टक्के. चित्रपटाची जाळी खोटी असली तरी ती ज्या अन्यायाकडे बोट दाखवते तो खरा आहे. वाटा चक्रव्यूहासारख्या होत्या, बोली समजत नव्हती, आणि वर यायला सांगायला कोणी वेळेवर आले नाही. हे दाखवणे जाळीपेक्षा अवघड आहे.

या श्रीमंत-गरीब मांडणीत दुसरा वर्ग जवळजवळ नाहीसाच होतो. दुसऱ्या वर्गातील पुरुषांपैकी फक्त ८ टक्के वाचले, हे प्रमाण तिसऱ्या वर्गातील पुरुषांपेक्षाही कमी आहे. आपल्याकडच्या मुलांना जवळची वाटेल अशी एक प्रवासिनी याच वर्गात होती. ॲनी फंक या अमेरिकन मिशनरी आजच्या छत्तीसगडमधील जांजगीर येथे शिकवत असत. आई आजारी असल्याचे कळल्यावर त्या मुंबईहून बोटीने निघाल्या. इंग्लंडला पोहोचल्यावर कोळसा कामगारांच्या संपामुळे त्यांचे ठरलेले जहाज निघणार नव्हते, म्हणून त्यांनी टायटॅनिकचे तिकीट घेतले. १२ एप्रिलला जहाजावरच त्यांना ३८ वर्षे पूर्ण झाली, आणि तीन दिवसांनी त्या गेल्या. गुंटूरहून परतणारी बेकर कुटुंबातील आई आणि तिची तीन मुलेही दुसऱ्याच वर्गात होती. ती चौघेही वाचली.

माणसांबद्दलच्या सगळ्याच चुका मर्डॉक यांच्यासारख्या क्रूर नाहीत. इसिडोर आणि आयडा स्ट्राउस या वृद्ध दांपत्याला १९९७ च्या चित्रपटात पलंगावर एकमेकांना मिठीत घेऊन पडलेले दाखवले आहे. प्रत्यक्षात आयडाबाईंनी डेकवर होडीत बसायला नकार दिला आणि दोघे शेवटी डेकवरच दिसले. इसिडोर यांचा मृतदेह पुढे समुद्रात सापडला, तेव्हा ते बंद खोलीत नव्हते. प्रसंग कल्पित आहे, पण त्या दोघांच्या निर्णयाला तो धरून आहे. असे कल्पित मला मान्य आहे. वादकांच्या शेवटच्या सुरांचेही तसेच. वॉलेस हार्टली आणि त्यांचे सात साथीदार वाजवत राहिले आणि कोणीही वाचले नाही, एवढे निश्चित आहे. शेवटची चाल कोणती यावर एकमत नाही, आणि म्हणूनच ब्रिटिश चित्रपटात 'निअरर, माय गॉड, टू दी' या ख्रिस्ती प्रार्थनेची एक चाल आणि अमेरिकन चित्रपटांत त्याच प्रार्थनेची दुसरी चाल ऐकू येते.

१९५८ च्या चित्रपटावर माझा अधिक विश्वास का, ते आता सांगतो. त्याचे निर्माते विल्यम मॅकविटी यांनी लहानपणी बेलफास्टमध्ये ३१ मे १९११ रोजी जहाज पाण्यात उतरताना पाहिले होते, आणि सल्लागार म्हणून स्वतः बॉक्सहॉल होते. कल्पित नायक-नायिका नसल्यामुळे खऱ्या माणसांना दुय्यम भूमिकेत ढकलण्याची गरज पडली नाही. चुका त्यातही आहेत. सुरुवातीलाच बाटली फोडून जहाजाचे नामकरण दाखवले आहे, आणि व्हाइट स्टार लाइन असा समारंभ करत नसे. लाइटोलर यांच्या वाट्याला इतर अधिकाऱ्यांची कामेही दिली आहेत. जवळच थांबलेल्या 'कॅलिफोर्नियन' जहाजाचे कप्तान स्टॅन्ली लॉर्ड तेव्हा हयात होते. चित्रपटातले आपले चित्र त्यांना इतके लागले की त्यांनी नौकानयन अधिकाऱ्यांच्या संघटनेकडे जाऊन आपली बाजू पुन्हा मांडायला सांगितले. त्या जहाजावरून टायटॅनिकची मदतीची रॉकेट दिसली होती आणि बिनतारी यंत्र बंद होते, हे खरे आहे. कप्तानाच्या दोषाचे माप मात्र आजही वादात आहे. कॅमेरॉन यांनी या जहाजाचा प्रसंग चित्रित करूनही अंतिम चित्रपटातून काढला, आणि माझ्या मते ती त्यांच्या चित्रपटातील सर्वात मोठी उणीव आहे, कारण वाचवण्याची शक्यता होती ही गोष्टच प्रेक्षकाला कळत नाही.

बॉक्सहॉल यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट. मदतीच्या संदेशासाठी जहाजाचे स्थान त्यांनीच काढले होते, आणि ते बरोबर असल्याची त्यांना आयुष्यभर खात्री होती. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे रक्षा त्याच अक्षांश-रेखांशांवर विसर्जित केली गेली. अवशेष सापडले ते तिथून सुमारे १३ सागरी मैलांवर. प्रत्यक्ष साक्षीदार सल्लागार असला म्हणजे सगळे बरोबर असणारच असे नाही, हे मुलांना यातून सहज कळेल.

तेव्हा वर्गासाठी माझी सूचना अशी. १९५८ चा चित्रपट पूर्ण दाखवावा, तो दोन तासांच्या आसपासच आहे. त्यानंतर १९९७ च्या चित्रपटातील हिमनग दिसल्यापासून अँड्र्यूज नकाशा उलगडतात तिथपर्यंतचा भाग दाखवावा आणि बॅरेटची साक्ष वाचून घ्यावी. दोन्ही चौकश्यांचे संपूर्ण वृत्तांत कोणालाही वाचता येतील असे उपलब्ध आहेत, आणि त्यांतील इंग्रजी साधे, बोलण्यातले आहे. मग मर्डॉक यांचा प्रसंग दाखवून तिथेच थांबवावा, वर्गाचे दोन गट करावेत, एका गटाला प्रवाशांच्या पत्रांचा मजकूर आणि दुसऱ्याला लाइटोलर यांचे पत्र द्यावे, आणि तो अधिकारी मर्डॉकच होता असे कशावरून म्हणता येईल ते त्यांनाच शोधायला सांगावे. हा तास मी अनेकदा घेतला आहे. त्याला निदान दीड तास लागतो, म्हणून सलग दोन तासिका मिळतील असा दिवस निवडावा.